लाज कोणाची राखायची?

अमेरिकेत सिनेमा दाखवायला सरकारी सर्टिफिकेट लागत नाही. 'सेन्सॉर बोर्ड' हा शब्द ऐकतच मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना हे चटकन पटत नाही. आपल्याकडे केंद्र सरकारचं बोर्ड सिनेमा पास करतं आणि महाराष्ट्रात तर नाटकाची संहितासुद्धा रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जाते. अमेरिकेत असं टेबलच नाही. न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियाच्या बे एरियात मराठी सिनेमाचे खेळ लागतात, तेव्हा त्याच्या नावापुढे बहुतेक वेळा 'नॉट रेटेड' एवढंच लिहिलेलं असतं. वितरकाने रेटिंगसाठी पैसे भरलेले नसतात, तरी सिनेमा बिनबोभाट चालतो.

आणि तरीही गेली शंभर वर्षं त्या देशात एक अत्यंत काटेकोर कात्री चालत आली आहे. ती धंद्याच्या हातात आहे. स्टुडिओ, थिएटरमालक, दुकानदार, जाहिरातदार आणि टीव्हीचं नेटवर्क मिळून ती चालवतात. हे एकदा ध्यानात आलं की तिच्या तऱ्हा उलगडायला लागतात. ती काय कापते आणि काय सोडते हे तर कळतंच, पण मला जास्त टोचतो तो पुढचा प्रश्न. ती कोणाची लाज राखायला कापते?

१९१५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्याच्या खटल्यात निकाल दिला, की सिनेमा हा निव्वळ व्यापार आहे आणि त्याला भाषणस्वातंत्र्याचं संरक्षण नाही. राज्याराज्यांतल्या आणि शहरांतल्या सेन्सॉर बोर्डांना त्यामुळे मोकळं रान मिळालं. एकच सिनेमा शिकागोत एका जागी कापला जाई, पेनसिल्व्हेनियात दुसऱ्या. प्रत्येक कापाकापीचा खर्च आणि डोकेदुखी निर्मात्याच्या माथी. त्यात कॅथलिक चर्चचा दबाव. तेव्हा स्टुडिओंनी ठरवलं, दुसऱ्याने कापण्याआधी आपणच कापू. १९३० मध्ये त्यांनी नियमावली स्वीकारली. ती लिहिली डॅनियल लॉर्ड या जेझुइट पाद्रींनी आणि मार्टिन क्विग्ली या सिनेव्यवसायाच्या मासिकांच्या प्रकाशकाने. चार वर्षं ती कागदावरच राहिली. मग कॅथलिक चर्चने बहिष्काराची हाक दिली. १९३४ च्या उन्हाळ्यात जोसेफ ब्रीन यांच्या हाती नियमावलीचा कारभार आला आणि मंजुरीच्या शिक्क्याशिवाय सिनेमा बाहेर काढणाऱ्या सभासद कंपनीला २५,००० डॉलरचा दंड ठरला. मग मात्र सगळे वठणीवर आले.

ब्रीन यांच्या कचेरीची खरी मेख अशी, की ती तयार सिनेमा कापत बसत नसे. पटकथा आधीच मागवली जाई. तिच्यावर पानावार हरकती नोंदवलेलं पत्र स्टुडिओकडे जाई, सुधारलेली पानं परत येत, मग गाण्यांचे शब्द तपासले जात, आणि शेवटी तयार प्रत बघून शिक्का. म्हणजे जे पडद्यावर यायचं नाही ते चित्रित करण्याचा खर्चच वाचे. स्टुडिओंना ही सोय आवडली म्हणूनच ती वीस वर्षं टिकली, असं माझं मत आहे. त्या पत्रांत एक वाक्य छापील मजकुरासारखं पुन्हा पुन्हा येतं: स्त्रियांची वक्षस्थळं संपूर्ण वेळ पूर्णपणे झाकलेली असावीत. कथा कुठलीही असो, काळ कुठलाही असो, हे वाक्य ठरलेलं.

हा जाच कार्टूनलाही चुकला नाही. बेटी बूप ही रेषांनी काढलेली बाई; आखूड फ्रॉक, उघडे खांदे, मांडीवर गार्टर, म्हणजे मोजा धरून ठेवणारा पट्टा. १९३४ नंतर तिचा फ्रॉक गुडघ्यापर्यंत खाली आला, गळा वर चढला, गार्टर गेला आणि ती चक्क घरकाम करणारी, कुत्रा सांभाळणारी गृहिणी झाली. कागदावरच्या शाईला कसली लाज? पण बघणाऱ्याची नजर चळेल ही धास्ती होती, आणि तिचा भार बघितल्या जाणारीवर टाकला गेला. पुढच्या सगळ्या इतिहासाचं बीज मला या गार्टरमध्ये दिसतं.

ही व्यवस्था का मोडली, हे सांगताना लोक सहसा समाज बदलल्याचं सांगतात. ते खरं आहे, पण अर्धंच. शिक्क्याचं बळ थिएटरांच्या मालकीत होतं. मोठ्या शहरांतली मोक्याची थिएटरं स्टुडिओंचीच होती, त्यामुळे शिक्का नसलेल्या सिनेमाला पडदा मिळत नसे. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली ही साखळी तोडली आणि स्टुडिओंना थिएटरं सोडावी लागली. १९५२ मध्ये त्याच न्यायालयाने १९१५ चा निकाल फिरवून सिनेमाला भाषणस्वातंत्र्याच्या छत्राखाली घेतलं. लगेच १९५३ मध्ये दिग्दर्शक ऑटो प्रेमिंजर यांनी 'द मून इज ब्लू' हा सिनेमा शिक्क्याशिवाय लावला. त्यात 'कुमारिका', 'गरोदर' असे शब्द उघड बोलले जात होते, एवढाच काय तो गुन्हा. थिएटरवाल्यांनी तो घेतला, लोकांनी बघितला, पैसेही मिळाले. शिक्क्याची भीती तिथून ओसरत गेली.

१ नोव्हेंबर १९६८ पासून शिक्क्याची जागा रेटिंगने घेतली. आता कापण्याची सक्ती नाही, फक्त सिनेमा कोणत्या वयासाठी आहे ते सांगायचं. ऐकायला किती समंजस! पण व्यवहारात काय होतं ते बघण्यासारखं आहे. निर्माता फी भरून सिनेमा पाठवतो. मुलं वाढवत असलेल्या पालकांचं मंडळ तो बघतं. त्यांतल्या बहुतेकांची नावं गुप्त असतात. 'आर' मिळालं तर सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. त्याच्या एक पायरी खाली 'पीजी-१३', जे १९८४ च्या जुलैत आलं; त्यात पालकांना फक्त इशारा असतो, प्रवेशबंदी नाही. पायरी एकच, पण शाळकरी मुलांचे घोळकेच्या घोळके 'आर'वर अडतात. म्हणून निर्मात्याच्या करारातच अनेकदा लिहिलेलं असतं, की दिग्दर्शकाने अमुक रेटिंगच्या आतला सिनेमा हाती द्यायचा. मग सुरू होते घासाघीस. इथली दीड सेकंद काढा, तिथला क्लोजअप लांबून घ्या, पुन्हा पाठवा. कागदोपत्री कोणी काहीच कापायला सांगितलेलं नसतं.

सर्वांत वरच्या पायरीची गोष्ट तर जास्तच बोलकी आहे. सुरुवातीला तिथे, म्हणजे फक्त मोठ्यांसाठीच्या सिनेमाला, 'एक्स' होतं, आणि इतर रेटिंगांसारखा त्याचा ट्रेडमार्क घेतलेला नव्हता. त्याचा फायदा अश्लील चित्रफितींच्या धंद्याने घेतला. एकाऐवजी तीन-तीन एक्स जाहिरातीत लावले. चांगल्या घरचा सिनेमा त्या पंगतीत बसेना. १९६९ चा 'मिडनाइट काउबॉय' एक्स असूनही सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर घेऊन गेला, पण ती वाट पुढे बंदच झाली. १९९० मध्ये 'एनसी-१७' असं नवं नाव दिलं, ट्रेडमार्कसह. तरी कित्येक वर्तमानपत्रांनी जाहिराती नाकारल्या, व्हिडिओ भाड्याने देणाऱ्या मोठ्या साखळीने माल ठेवायला नकार दिला. मोठ्यांनी मोठ्यांसाठी काढलेल्या सिनेमाला त्या बाजारात आजही धड जागा नाही.

आता मोजपट्टी बघू. एफ-वर्ड हा तिथल्या शिव्यांचा राजा. नुसता उद्गार म्हणून तो एकदा आला तर पीजी-१३ राहू शकतं. दुसऱ्यांदा आला की आर. आणि शरीरसंबंधाच्या अर्थाने आला तर एकदाच पुरतो. मंडळ दोन तृतीयांश मतांनी सूट देऊ शकतं, पण त्या भरवशावर कोणी संहिता लिहीत नाही. म्हणून पटकथाकार तो एक शब्द शेवटच्या संकटापर्यंत जपून ठेवतात. कसबी प्रेक्षकाला तो येणार हे आधी कळतंसुद्धा. २०१२ मध्ये 'बुली' या माहितीपटावर हा नियम आदळला. शाळेच्या बसमध्ये एका मुलाला इतर मुलं छळतात, शिव्या घालतात, ते कॅमेऱ्याने जसंच्या तसं टिपलेलं. शिव्या मोजल्या गेल्या आणि रेटिंग आलं आर. ज्या वयाच्या मुलांवर हे रोज गुजरतं, त्यांना हा सिनेमा एकट्याने बघण्याची बंदी! लाखो लोकांनी निषेधाच्या सह्या केल्या. अखेर काही शिव्या काढून, बसमधला प्रसंग तेवढा शाबूत ठेवून पीजी-१३ पदरात पडलं. छळ मात्र मोजपट्टीवर कुठेच नव्हता.

दुसरीकडे, पीजी-१३ सिनेमात एक माणूस डझनभर माणसांना गोळ्या घालू शकतो. रक्त फार दिसलं नाही आणि कॅमेरा जखमेवर रेंगाळला नाही म्हणजे झालं. हिंसा दिसावी, तिचा परिणाम दिसू नये. मुलांच्या हिताच्या दृष्टीने मला हे पार उलटं वाटतं. बंदुकीच्या गोळीने माणसाचं काय होतं हे ज्याने पाहिलेलं नाही, त्याला गोळी सोपी वाटणारच. २०११ मध्ये व्हिडिओ गेमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताने हिंसक गेम अल्पवयीनांना विकण्यावरची कॅलिफोर्नियाची बंदी रद्द केली. न्यायमूर्ती ब्रायर यांनी वेगळं मत नोंदवताना या विसंगतीवर नेमकं बोट ठेवलं: तेरा वर्षांच्या मुलाला नग्न स्त्रीचं चित्र असलेलं मासिक विकायला बंदी, आणि ज्यात तो स्वतः बटणं दाबून स्त्रीला बांधतो, तोंडात बोळा कोंबतो, छळतो, तो गेम विकायला मुभा. याला काय तर्क आहे?

टीव्हीवर मात्र सरकार येतं, तेही अर्धवट. रेडिओ-टीव्हीच्या लहरी सार्वजनिक मालकीच्या, म्हणून त्या वापरणाऱ्या स्टेशनांना फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनचे नियम लागू. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रेडिओ स्टेशनने भर दुपारी दोन वाजता विनोदवीर जॉर्ज कार्लिन यांचं शिव्यांवरचं एकपात्री लावलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ मध्ये पाचास चार मतांनी ठरलं, की मुलं ऐकत असण्याच्या वेळात असं प्रक्षेपण केल्यास सरकार कारवाई करू शकतं. रात्री दहा ते सकाळी सहा मोकळीक. केबलला हा नियम नाही. म्हणजे एकाच टीव्हीवर, एकाच रिमोटने, एका चॅनलवर शिवी चालते आणि शेजारच्यावर दंड होतो.

पण सरकारापेक्षा नेटवर्कची स्वतःची धास्ती कायम मोठी राहिली. १९५२ मध्ये 'आय लव्ह लूसी' या मालिकेची नायिका ल्यूसिल बॉल खरोखरच गरोदर राहिली आणि गरोदरपण कथेत आणायचं ठरलं. नवरा-बायकोच्या खाटा पडद्यावर आधीच वेगळ्या ठेवलेल्या. आता 'प्रेग्नंट' शब्द चालणार नाही, असं सीबीएस या नेटवर्कने बजावलं. त्याऐवजी 'एक्स्पेक्टिंग' म्हणायचं. भागाच्या शीर्षकासाठी फ्रेंच शब्दाचा आडोसा घेतला. संहिता एक कॅथलिक पाद्री, एक प्रॉटेस्टंट पाद्री आणि एक ज्यू रब्बाय यांच्या नजरेखालून गेल्या. १९ जानेवारी १९५३ ला बाळ जन्मल्याचा भाग लागला, तेव्हा देशातल्या टीव्ही असलेल्या घरांपैकी दोन तृतीयांशाहून जास्त घरांनी तो बघितला. विवाहित बाईच्या पोटातलं मूल झाकायला एवढा आटापिटा, आणि प्रेक्षकांनी तर कोडकौतुकच केलं. लोक नियम करणाऱ्यांच्या पुढे असतात, हे तेव्हाही दिसलं होतं.

मग १ फेब्रुवारी २००४. ह्यूस्टनमध्ये सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा मध्यंतर, कोट्यवधी प्रेक्षक. गाण्याच्या शेवटी जस्टिन टिंबरलेक यांनी जॅनेट जॅक्सन यांच्या पोशाखाचा भाग ओढला आणि त्यांचं उजवं स्तन उघडं पडलं. त्यावरही सूर्याच्या आकाराचा दागिना होता. किती वेळ? न्यायालयाच्या निकालपत्रात मोजून लिहिलं आहे, एका सेकंदाचे नऊ सोळांश. कमिशनकडे पाच लाख चाळीस हजारांहून जास्त तक्रारी पोहोचल्या, त्यातल्या कित्येक संघटित मोहिमांतून. सीबीएसच्या मालकीच्या वीस स्टेशनांना प्रत्येकी २७,५०० असा एकूण ५,५०,००० डॉलर दंड झाला. पुढे अपील न्यायालयाने तो रद्द ठरवला, पण तोवर २००६ च्या कायद्याने दंडाची कमाल रक्कम प्रत्येक उल्लंघनाला ३,२५,००० डॉलरवर नेली होती.

आठवड्याभराने त्याच नेटवर्कवर ग्रॅमी या संगीत पुरस्कारांचा सोहळा होता. टिंबरलेक तिथे आले, माफी मागितली, पुरस्कार घेतला. जॅक्सन नव्हत्या. २०१८ मध्ये सुपर बोलच्या मध्यंतरात गायला पुन्हा बोलावणं आलं ते टिंबरलेक यांना. जॅक्सन यांची त्यांनी जाहीर माफी मागितली ती २०२१ मध्ये. कपडा ओढणारा हात कोणाचा होता हे साऱ्या जगाने पाहिलं होतं, तरी खापर तिच्यावर फुटलं. लाज तिची गेली म्हणून कोणी तक्रार केली नव्हती. तक्रार होती, आमच्या दिवाणखान्याची लाज गेली. हे मला आजही सहन होत नाही.

दुधाने तोंड पोळलेली स्टेशनं त्यानंतर ताकही फुंकून पिऊ लागली. त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला, माजी सैनिकांच्या स्मरणदिनी, एबीसी या नेटवर्कने 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा युद्धपट लावायचं ठरवलं. आधी दोनदा तो लागला होता. या वेळी साठाहून अधिक स्टेशनांनी नकार दिला. सैनिकांच्या तोंडच्या शिव्यांसाठी दंड बसेल ही भीती. कमिशनने नंतर सांगितलं की त्यात अश्लील काही नव्हतं. नियमाची नुसती सावली पडली तरी काय काय विझतं, त्याचा हा नमुना.

थेट कार्यक्रम तेव्हापासून काही सेकंद उशिराने दाखवायची पद्धत सर्रास रुळली. ऑस्करला २००४ पासून पाच सेकंदांचा उशीर असतो. हे यंत्र समजून घेण्यासारखं आहे. रेडिओवर आवाज आधी स्मृतीत साठतो आणि सात-आठ सेकंदांनी बाहेर पडतो. हा उशीर एकदम घेता येत नाही. बोलण्यातल्या विरामांना किंचित ताण देत, ऐकणाऱ्याला कळणार नाही अशा बेताने तो साठवत न्यावा लागतो. चालवणारा माणूस मूळ आवाज ऐकत असतो. शिवी आली की 'डंप' बटण दाबायचं. साठलेले सेकंद टाकून दिले जातात आणि प्रक्षेपण चालू क्षणावर उडी मारतं. गोची अशी, की त्या क्षणी उशीर संपलेला असतो. तो पुन्हा साठेपर्यंत दुसरी शिवी आली तर अडवायला काही नाही. म्हणून साठा दोन भागांत ठेवतात, एका दाबात अर्धाच जातो. टीव्हीवर चित्राला अशी उडी खपत नाही. तिथे आवाज बंद करून हवं तर लांबच्या शॉटवर जायचं, एवढंच हाती असतं. बोट उशिरा पडलं तर शब्दाचं पहिलं व्यंजन निसटतं, आणि जाणकार कानाला तेवढं पुरतं. जास्त वेळ दाबून ठेवलं तर पुढचं निरुपद्रवी वाक्यही जातं. आणि कॅप्शन लिहिणाऱ्याला मूळ आवाज वेगळ्या वाटेने मिळत असेल तर बंद केलेला शब्द पडद्याच्या तळाशी अक्षरांत झळकतो.

२७ मार्च २०२२ च्या रात्री, ऑस्कर सोहळ्यात, या यंत्राने त्या समाजाचं मन उघडं करून दाखवलं. अभिनेते विल स्मिथ मंचावर चढले, विनोदवीर क्रिस रॉक यांना थोबाडीत मारली, खाली येऊन बसले आणि ओरडले. अमेरिकेतल्या प्रेक्षकांनी थप्पड पूर्ण बघितली. त्यानंतर आवाज गेला. ओठ हलताना दिसत राहिले. जपान आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रक्षेपणात शब्द जसेच्या तसे होते आणि काही मिनिटांत ते जगभर फिरले. बटणावर बोट ठेवून बसलेल्या माणसाने त्याचं काम चोख केलं होतं. त्याला शब्द अडवायला बसवलेलं होतं, हात नाही.

लाजेचा वेगळा हिशेब अलीकडे मांडला जातो आहे, आणि तो कुठल्या बोर्डात नाही, शूटिंगच्या सेटवर मांडला जातो. २०१८ मध्ये एचबीओने प्रणयाच्या आणि नग्नतेच्या प्रसंगांसाठी खास माणूस नेमायला सुरुवात केली, पहिल्यांदा 'द ड्यूस' या मालिकेवर. या माणसाला 'इंटिमसी कोऑर्डिनेटर' म्हणतात. मारामारीच्या दृश्याला जसा फाइट मास्टर, तसा प्रणयाच्या दृश्याला हा. त्याच्या पेटीतल्या वस्तूंना धंद्यात 'मॉडेस्टी गारमेंट' असंच नाव आहे. त्वचेच्या रंगाची, बाजूला पट्टा नसलेली, चिकटून बसणारी वस्त्रं. पुरुषांसाठी छोटी पिशवी. दोन कलाकारांच्या मध्ये ठेवायला जाड मऊ घडी, किंवा अर्धी हवा काढलेला लहान चेंडू, म्हणजे पडद्यावर जवळीक दिसते आणि अंगाला अंग लागत नाही. चिकटपट्टीची ॲलर्जी आहे का, हे हातावर छोटा तुकडा लावून आदल्या दिवशी बघायचं. त्या सकाळी अंगाला लोशन लावायचं नाही, पट्टी धरत नाही. दिव्यांच्या उष्णतेने घाम येतो आणि कडा सुटतात, म्हणून जादा पट्ट्या तयार हव्यात. काढताना बेबी ऑइल, ओढून काढायचं नाही. 'त्वचेचा रंग' म्हणजे गोऱ्या त्वचेचा रंग, हे फार वर्षं गृहीत धरलेलं होतं. सावळ्या कलाकारांसाठी कापड चहा-कॉफीत बुडवून रंगवावं लागे. आता छटा मिळू लागल्या आहेत.

वस्त्राच्या आधी येतो कागद. कलाकाराच्या करारासोबत 'न्यूडिटी रायडर' नावाचं जोडपत्र असतं. कुठला अवयव दिसेल, किती दिसेल, कोणती क्रिया अभिनयाने दाखवायची, त्यातलं काय जाहिरातीत वापरता येणार नाही, हे सगळं त्यात शब्दांत लिहायचं. 'दिग्दर्शकाच्या सूचनेप्रमाणे' असं मोघम लिहून भागत नाही. कलाकारांच्या संघटनेच्या नियमाप्रमाणे तो कागद कामाच्या वेळेच्या किमान ४८ तास आधी हाती पडला पाहिजे. दृश्य चित्रित होण्याआधी कुठल्याही क्षणी संमती मागे घेता येते. मग निर्मात्याने दुसरं शरीर शोधावं किंवा दृश्य बदलावं. सेट बंद असतो, ज्याचं काम नाही तो बाहेर, आणि मॉनिटरसुद्धा मोजकेच चालू.

ब्रीन यांच्या कचेरीतल्या त्या ठरलेल्या वाक्यापासून इथवर यायला जवळपास नव्वद वर्षं लागली. त्या पत्रांत बाईच्या अंगाबद्दल सगळं होतं, फक्त तिला विचारलेलं कुठे नव्हतं. आज चौकटीच्या अगदी कडेला, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, पोशाख विभागातली एक सहायक हातात झगा उघडून उभी असते. 'कट' ऐकू आला की दिवे बदलण्याआधी, कोणी काही बोलण्याआधी, तो झगा खांद्यांवर गेलेला असतो.